तारीखवाल्यांचा उजवा कान

दुधाची पिशवी असो, औषधाची बाटली असो की शेजारणीने पाठवलेला बिस्किटांचा पुडा, ते आधी तारीख वाचणार, मगच हात लावणार. अख्खी गल्ली त्यांना तारीखवाले म्हणायची. त्यात त्यांचा तरी काय दोष, कामच तसलं. गेली सत्तावीस वर्षं ते कारखान्यात सिलेंडर तपासत होते. टाकीला हातोडीने हलकेच ठोका द्यायचा आणि कान लावायचा. धड टाकी घंटेसारखी वाजते, आतून गंजलेली ठप्प बोलते. मग तिच्यात पाणी भरून दाब द्यायचा, फुगते का पाहायचं, आणि पास झाली की गळ्यावर तारीख ठोकायची.

आठ वर्षांपूर्वी एका टाकीचा व्हॉल्व्ह त्यांच्या उजव्या कानाशी उडाला. पडद्याला भोक पडलं. या कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. ही गोष्ट त्यांनी कारखान्यात सांगितली नाही. ठोका नीट ऐकू न येणाऱ्याला तपासायला कोण बसवेल? आणि घरी सांगितली असती तर ती गोष्ट कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नसते. अंघोळीला कापसाचा बोळा आणि रस्त्याने जाताना सगळी माणसं आपल्या डाव्या हाताला, एवढ्यावर त्यांनी निभावलं होतं.

यंदा मुलीला दूरदेशी नोकरी लागली. जाण्याआधी तिचं एकच मागणं होतं. तिघांनी मिळून समुद्राखाली उतरायचं.

"तिघांनी म्हणजे तिघांनी, बाबा. तुम्ही नावेत बसून चपला राखणार असाल तर मला ही सहलच नको."

"पाठीवर ती ऑक्सिजनची टाकी बांधून?" बायकोने विचारलं.

"हवा असते तिच्यात. साधी हवा," ते म्हणाले. मनात मात्र एकच विचार होता. जागाच पसंत पडली नाही, तर कानाचं बोलायची वेळच येणार नाही.

पहिल्या किनाऱ्यावर समुद्राखाली नेणाऱ्यांना त्यांनी स्वतः फोन लावला.

"टाक्या शेवटच्या कधी तपासल्या?"

"सगळं एकदम नवीन आहे, सर."

"नवीन म्हणजे कुठल्या तारखेचं?"

"सर, तुम्ही या तर खरं."

त्यांनी फोन ठेवला. "इथे काहीतरी पाणी मुरतंय."

दुसऱ्या ठिकाणाहून चार टाक्यांचे फोटो आले. त्यांनी भिंग काढलं. चारही टाक्यांना बुडाशी एकसारखा पोचा. एकच टाकी चार बाजूंनी काढलेली. ते चक्क हसले.

बायको नुकतीच सकाळची प्रार्थना आटोपून उठली होती. देवाशी बोलताना डोळे मिटले, तरी घरात काय चाललंय ते तिला दिसायचं.

"दोष सापडला की माणूस वैतागतो," ती म्हणाली. "तुम्ही तर सुटल्यासारखे दिसताय."

"पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तेवढाच आहे ना?"

ते भिंग पुसत राहिले.

तिसरी जागा मुलीने शोधली. तिन्ही बाजूंनी डोंगर असलेली खाडी, ओढ नाही, पाणी उथळ. नवख्या दोघांमागे एक शिकवणारा. पहिली सकाळ पोहण्याच्या तलावात. अकरा टाक्यांच्या अकरा वेगवेगळ्या तारखा. दोन दिवस ते खोट शोधत राहिले, पण काही हाती लागेना. शेवटी मुलीनेच फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे तिथली शिकवणारी बाई होती, खरखरीत आवाजाची. त्यांनी तिला चांगलं धारेवर धरलं. तिने एकेका टाकीचा हिशेब दिला. बारावी टाकी मुदत संपली म्हणून बाजूला काढली आहे, हेही न विचारता सांगितलं.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "तुम्ही भरून पाठवलेला तब्येतीचा फॉर्म समोर आहे माझ्या. बावीस प्रश्न, तीन माणसं, आणि सगळ्यांना 'नाही'. कुणालाच कधी काही झालेलं नाही?"

"देवाची कृपा," ते म्हणाले.

"ती आहेच. पण पन्नाशी उलटलेलं इतकं कोरं शरीर मी पाहिलेलं नाही. माझ्या टाक्यांच्या तारखा चार चार वेळा विचारणाऱ्याने स्वतःची एकही सांगू नये? खोटं लिहून खाली उतरलात, तर तुमच्यासोबत माझीही माणसं असतात."

ठप्प बोलणाऱ्या हजारो टाक्या तारीखवाल्यांनी परत धाडल्या होत्या. 'देवाची कृपा' हे आपलेच शब्द त्यांना आत्ता तसेच ऐकू आले.

"उजवा कान," ते म्हणाले. "पडद्याला भोक आहे. आठ वर्षं झाली."

"मग तुम्ही पाण्याखाली जायचं नाही. तुमच्या दोघींना मी नेते."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "आठ वर्षं? म्हणजे रोज झोपताना मी जे बोलायचे ते?"

"थोडं थोडं यायचं."

"कुठलं थोडं?"

मुलीचा चेहरा उतरला होता. "राहू दे मग, बाबा. रद्द करू."

"अजिबात नाही. हीच जागा." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "बाकीचे दोघे मला हसत हसत बुडवायला तयार होते. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ही बाई तोंडावर नाही म्हणाली. खाली काही बिनसलं, तर तुलाही खरंच सांगेल."

"मी तिघं म्हणाले होते."

"तिघंच आहोत. दोघी खाली, एक वर. आणि चपला कुणी नेल्या तर बघ."

मुलगी डोळे पुसता पुसता हसली.

"मग पक्कं समजू?" बाईने विचारलं.

"समजा. फक्त त्या दिवशी सकाळी तुमच्या टाक्या मी ठोकून बघणार."

"कुठल्या कानाने?"

"डाव्या."

"मग चालेल."

फोन बंद झाला. बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं.

"कारखान्यात कधी सांगणार?"

"सहलीहून आल्यावर."

तिने पेनाचं टोपण काढलं. "तारीख बोला."

त्यांनी बराच वेळ महिन्याकडे पाहिलं, मग एका सोमवारावर बोट ठेवलं. तिने त्याभोवती गोल काढला आणि बोट हलतंय का ते पाहून आणखी एकदा गिरवला.