पणजीचं अमेरिकन नाव

ताई सोमवारी सकाळी दवाखान्यात वारली. संध्याकाळी आम्ही तिला मूठमाती दिली. मंगळवारी मी तिचा लॅपटॉप उघडला. अमेरिकेतल्या बाईंची मेल आली होती. दफनभूमीतल्या आणखी एका दगडाचा फोटो त्यांना हवा होता.

ताई गेल्याचं त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, हे मला कळतं. माझा राग त्या मेलवर नाही. तो आधीचा आहे, आणि तो नीट सांगायचा तर वंशावळ सांगावी लागते. आधी त्यांची, मग आमची.

त्यांची दोन घराणी. दोन्ही फार पूर्वी जहाजानं अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली, शेजारशेजारच्या गावांत राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मुली करत राहिली. दोन भावांना दोन बहिणी दिलेल्या, बायको वारली की तिच्याच बहिणीशी लग्न केलेलं. नावं तर मोजकीच, तीच प्रत्येक पिढीत पुन्हा ठेवायची. पुढं या घराण्यांतले काहीजण मिशनरी होऊन नगरला आले, आणि इथं येऊनही त्यांनी आपसातच लग्नं लावली. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई तो सगळा गुंता सोडवायला बसल्या होत्या. आमच्या चर्चच्या पाळकांनी त्यांना ताईचा पत्ता दिला.

ताईचा जन्म मुलींच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेला होता. लग्न केलं नव्हतं. तिला हे काम मनापासून आवडलं. बादली, काथ्याचा ब्रश आणि मोबाईल घेऊन ती दफनभूमीत जायची, दगड धुवायची, अक्षरं उन्हात नीट दिसेपर्यंत थांबायची आणि मग फोटो काढायची. डायलिसिस सुरू झालं तरी जायची. मी चिडायचो.

"काय रे, घरी बसून तरी काय करू?" म्हणायची. "दवाखान्यात पंखा बघायचा, घरी तुझं तोंड बघायचं. त्यापेक्षा मेलेली माणसं बरी. बोलत तरी नाहीत."

एकदा व्हिडिओ कॉलवर बाई फार अवघडल्या होत्या. आमच्यात चुलत-मावस भावंडांची लग्नं पुष्कळ झालीत, तुम्हाला विचित्र वाटेल, असं काहीतरी म्हणाल्या. ताई हसायला लागली. तिनं तिच्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांना सांगितलं, की आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असतो, आणि आमच्या आजीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच होती. मग बाईही हसल्या. कॉल संपल्यावर ताई मला म्हणाली, "बघ, ह्यांना वाटत होतं जगात हे एकटेच."

त्या दिवसांत ती आनंदात होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

एकदा तिनं आमच्या पणजीच्या दगडाचा फोटो पाठवला. दगडावर पणजीचं पूर्ण नाव आहे, आणि ते अमेरिकन आहे. नाव त्यांच्यातलं, आडनावही त्यांच्यातलं. खाली ताईनं 'ही आमची पणजी' एवढंच लिहिलं होतं. दोन दिवसांत बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. त्यांच्या वंशावळीत एका जोडप्याची त्याच नावाची मुलगी नगरला लहानपणीच हरवल्यासारखी होती. जन्माची नोंद होती, पुढं काहीच नव्हतं. ती सापडली, असं त्यांना वाटलं. त्यांनी पणजीला त्या जागी बसवलं, तिच्याखाली आजी, आजीखाली आमचे वडील, त्याखाली ताई आणि मी. इंटरनेटवर वंशावळीचं ते झाड कुणालाही बघता येत होतं.

आमच्या नातेवाइकांत दिवाळी झाली. केडगावचा आमचा आतेभाऊ मोटारसायकलवरून पेढे घेऊन आला.

"सलाम, गोऱ्या मडम!" तो दारातूनच ताईला म्हणाला. "तरी म्हणलं, आमच्या पोरीचा रंग एवढा उजळ कसा. आता व्हिसाला कोण आडवतंय?"

"बस आधी," ताई म्हणाली. "पणजी गोरी नव्हती. पारनेरकडची होती."

कारण ताईला खरं माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं, आजीनं सांगितलेलं. मोठ्या दुष्काळात आईबाप मेलेल्या मुली मिशनच्या बोर्डिंगात आणल्या गेल्या. एकेका मुलीचा खर्च अमेरिकेतली एकेक बाई उचलायची, आणि त्या मुलीला त्या बाईचं नाव दिलं जायचं. सगळं बोर्डिंग अमेरिकन नावांनी भरलेलं होतं आणि त्यातली एकही मुलगी अमेरिकन नव्हती. पणजी पुढं त्याच घराण्यातल्या मिशनरींच्या बंगल्यात वाढली, शिकली, मास्तरीण झाली. लग्नानंतरही नाव तेच राहिलं.

"मग सांगू नगंस ना," आतेभाऊ म्हणाला. "त्यांनीच बसवलंय, आपण कुठं सांगाया गेल्तो? ऱ्हाऊ दे की म्हातारीला तिथं. नाहीतर त्या बाई डीएनए टेस्टचा डबा पाठवत्यात म्हणे, थुंकी पाठवून बघ. लागला तर लागला नंबर."

"मला माहीत असलेलं मी थुंकून कशाला बघू?"

"लई शहाणी हायेस."

ताईनं चार दिवस घालवून ती मेल लिहिली. मी ती वाचली आहे. सरळ, सभ्य मेल होती. नावाची पद्धत समजावून सांगितली होती आणि शेवटी एकच विनंती होती. पणजी रक्ताची नाही, तिला त्या जोडप्याखालून काढा, पण पुसू नका. त्या घराच्या पानावर एक ओळ ठेवा, की ही मुलगी या घरात वाढली, आमचं नाव तिनं जन्मभर वापरलं आणि नगरच्या मुलींना शिकवलं. ताईला स्वतःसाठी काही नको होतं. त्या ओळीत मात्र तिचा जीव अडकला होता. रोज, दवाखान्यात जायच्या दिवशीही निघण्याआधी, ती मेल बघायची.

उत्तर आलं ते छोटं होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. वंशावळीत फक्त रक्ताची आणि लग्नाची माणसं ठेवायची असा कुटुंबाचा नियम आहे, तुम्ही समजून घ्याल, असं लिहिलं होतं. ताईनं झाड उघडलं. पणजी नव्हती. आजी नव्हती, वडील नव्हते, आम्ही नव्हतो.

त्याच पानावर नगरच्या बंगल्याचा एक फोटो आहे. पायऱ्यांवर साहेब, मडम, मुलं. बाजूला घोडा. मागं साड्यांतल्या मुलींची रांग. फोटोखाली सगळ्यांची नावं आहेत. घोड्याचंही आहे. मुलींपुढं 'बोर्डिंगच्या मुली' एवढंच.

ताईनं तो फोटो मोठा करून पाहिला. "घोडा कुठल्या रक्ताचा रे?" म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला. त्यानंतर ती दफनभूमीत गेली नाही. महिन्याभरानं गेली ती आमच्या खांद्यावरून.

मी भांडणारा माणूस नाही. पुस्तकं वाचत, कडेकडेनं जगलो. पण आता मला झोपताना दात आवळलेले सापडतात. बाईंचा राग येतो. ताई खोटं बोलली असती तर आज तिचं नाव त्या झाडावर असतं. खरं सांगितलं म्हणून तिला पुसलं, आणि वर तिच्याचकडे आणखी फोटो मागितला. नियम म्हणे. एका परक्या मुलीला आपलं नाव चिकटवताना तो नियम कुठं होता? तिचं घरचं नाव कुणी विचारलं होतं का?

आणि आमच्या माणसांचाही येतो. मूठमातीनंतर चहा पिताना आतेभाऊ चारचौघांत म्हणाला, "बाई चांगली हुती, पण हातानं घालवलं. गप बसली असती तर पोरांचं भलं झालं असतं." दोघातिघांनी माना हलवल्या. पाळकांनी चहाचा दुसरा कप घेतला. मी त्या वेळी कप खाली ठेवून बाहेर निघून आलो, कारण तोंड उघडलं असतं तर मी काय बोललो असतो ते मला ठाऊक नव्हतं.

बाईंना मी उत्तर पाठवलं. ताई वारली, आणि यापुढं इथून फोटो येणार नाहीत, अशी दोन वाक्यं. त्यांचं सांत्वनाचं पत्र आलं. चांगलं होतं. मी ते परत वाचलं नाही.

मला मूलबाळ नाही. पणजी नगरला आली तेव्हा तिचं नाव काय होतं ते आजीलाही माहीत नव्हतं. ताईच्या कबरीवर अजून दगड बसलेला नाही, नुसती माती आहे.