कॅलेंडरच्या पाठीवरचे आठ धंदे

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष संपत आलं तरी पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि हे घरात सांगायची चूक मी केली. देवबागेत आमच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी होत्या. आई रांधायची, बाबा वाढायचे. बाबा म्हणाले, एवढी शिकलेली माणसं आपल्याकडे जेवायला बसतात, त्यांनाच विचारूया.

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी पाठीवर धंदे लिहिले. बँक, कॉम्प्युटर, मास्तर, वकील असे सात झाले. आठवा आईने घुसडला, लॅबमध्ये रक्त तपासायचं काम. "माजां रगत काडलेल्या बायेचो हात कितको हलको होतो," एवढाच तिचा आधार.

पाहुण्याचा हात तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, रश्श्यात बुडाला की बाबा प्रश्न टाकायचे. त्या अवस्थेत माणूस उठून जात नाही. मग तहसीलदारासमोर काढतात ती मराठी काढून, "साहेब, आमच्या मुलीने आपल्या क्षेत्रात यावे काय?" मी सोलकढीचा तांब्या घेऊन दारात उभी, मेल्याहून मेल्यासारखी.

बँकवाले म्हणाले, चुकूनसुद्धा नको. पुण्याचा कॉम्प्युटरवाला नको म्हणता म्हणता इतका हळवा झाला की आईने त्याला न मागता माशाची दुसरी तुकडी वाढली. एका मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते तिखटाने असेल, पण बाबा तसं धरून चालले नाहीत. आणि प्रत्येकाचा शेवट ठरलेला, "खरं सांगू काका? तुमच्यासारखं सुख नाही." हे ऐकणारा माणूस पहाटे पाचपासून त्यांच्याच न्हाणीघराची तुंबलेली मोरी उपसत असायचा.

पाहुणे खोलीत गेले की बाबा पेन्सिलीने काट मारायचे. "ह्यां पण गेलां." एकदा मी म्हटलं, मग मी इथेच राहते की.

"हय रवान भांडी घासूची आसत काय तुका?"

ते हळू आवाजात म्हणाले, म्हणून मी जास्त घाबरले. पोरीने उष्ट्या ताटांपासून लांब जावं एवढी एकच त्यांची इच्छा होती, आणि पान तर भराभर संपत चाललं होतं.

मे महिना सरताना एकच धंदा उरला, लॅबचा. कारण लॅबमधलं कुणी आमच्याकडे उतरलंच नाही. बाबांनी निष्कर्ष काढला की ज्यांना सुट्टी काढावीशी वाटत नाही ती माणसं सुखी असणार. माझ्याकडे याहून बरा विचार नव्हता. मी कोल्हापूरला डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका लॅबमध्ये चिकटले.

पहिल्या मोठ्या रजेत घरी आले तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या. बाबांनी मलाच पाहुण्यांच्या टेबलाशी बसवलं. माझा हात रश्श्यात गेला आणि त्यांनी विचारलं, "काय गो, कसां आसा काम?"

मी सुरू झाले. सकाळी सातला उपाशीपोटी येऊन आपल्यावर खेकसणारी माणसं. सुई बघून आडवे होणारे पैलवान. बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं, "खरां सांगू बाबा? तुमच्यासारख्यां सुख नाय."

बाबा उठून आत गेले. कॅलेंडरचं पान आणि पेन्सिल आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"मगे मार काट. तूच मार."

मी डाव्या हातात पेन्सिल घेतली. आमच्या लॅबमध्ये एक म्हातारी दर महिन्याला येते आणि मी मोकळी होईपर्यंत बाकावर बसून राहते, दुसऱ्या कुणाच्या हाती दंड देत नाही. ती आठवली. पेन्सिल काही पुढे सरकेना. मला माझं काम आवडत होतं, आणि ते मला त्या ताटावर कळलं.

"बाबा, त्या सगळ्यांच्या हातात पेन्सिल दिल्यात काय कधी?"

बाबा पानावरच्या सात काटांकडे बघत राहिले. सगळ्या त्यांच्याच हातच्या.

"ह्यां माका सुचलांच नाय," ते म्हणाले, आणि माझ्या वाटीत सोलकढी ओतली.