फेलिस्मिनाच्या दारावरची पिशवी

बेल्मिरोकाकांनी आखलेल्या सायकलच्या वाटा आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहेत. किल्ल्याची चढण, रोमनांनी बांधलेला पूल, पडक्या मठाला वळसा, आणि मग बुचाच्या झाडांमधून सरळ माझ्या दारात. माझ्या घरात पाहुण्यांसाठी सहा खोल्या आहेत आणि त्या भरतात त्या काकांच्या जिवावर. पोटं आत ओढून घट्ट कपड्यांत बसवलेले परदेशी लोक येतात, पहाटे सहाला अंडी मागतात, आणि सायकलचं वजन किती ग्रॅम आहे ते एकमेकांना सांगत बसतात. काका आपली लोखंडी सायकल काढतात, चढणीवर एकेकाला मागे टाकतात आणि वर पोचून संत्रं सोलत उभे राहतात. पंचाहत्तरीचा माणूस, पण पाहुण्यांची धाप बघून त्याला लहान पोरासारखा आनंद होतो.

वाट चुकू नये म्हणून त्यांनी दगडांवर निळे बाण काढलेत. घराच्या पायाला आम्ही जो निळा पट्टा ओढतो, त्यातलाच उरलेला रंग. करकोच्यांनी घरटं केलेल्या खांबापाशी मात्र बाण डावीकडे वळतो. तिथून सरळ जाणारा रस्ता चांगला आहे, चढ नाही, खड्डे नाहीत. दोन किलोमीटर गेलं की तो रस्ता पाण्यात उतरतो. खाली फोन्तेला गाव आहे. धरण झालं तेव्हा ते बुडालं, माझ्या जन्माच्या आधी. माझी आई तिथलीच.

बावीस वर्षांत काकांनी एकाही पाहुण्याला त्या रस्त्याने नेलं नाही. मला वाटायचं, आपलं गाव बुडालेलं बघवत नसेल. तेवढ्यावरच मी गप्प राहिले.

यंदा मात्र सलग तिसरं वर्ष पावसाचा थेंब नाही. धरण आटत गेलं आणि सप्टेंबरात फोन्तेला वर आलं. आधी देवळाची भिंत, मग पाण्याची टाकी, मग एकेका घराच्या चौकटी. पाहुणे तेवढंच विचारायला लागले.

‘‘काका, ती वाट काढा आता,’’ मी म्हटलं. ‘‘किल्ला सगळेच बघतात. हे कुठे बघायला मिळणार?’’

‘‘चिखल आहे तिथे.’’

‘‘चिखल वाळलाय. गुरं चरतायत.’’

‘‘नाही म्हटलं ना, देओलिंदा.’’

मला राग आला. घर मी चालवते, चादरी मी धुते, आणि हे नाही म्हणणार. मी चार लोकांसमोर बोलून गेले, ‘‘पाय थकले म्हणा की सरळ. उगाच चिखलाच्या नावावर कशाला खपवता?’’

दुसऱ्या दिवशी खांबापाशी नवा बाण होता, ओला, सरळ दाखवणारा. तो बघून मला लाज वाटली, पण पाहुणे निघाले होते.

पाच जण होते, सगळे हॉलंडचे. मी जेवणाचे डबे घेऊन गाडीने मागे. ऊन होतं, तरी खाली उतरल्यावर थंडी वाजायला लागली. कुठे पाखरू नाही. चिखल वाळून त्याच्या ढलप्या झाल्या होत्या आणि त्यांवर चाललं की पायाखाली भांडी फुटल्यासारखा आवाज यायचा. पाहुणे फोटो काढत देवळाकडे पांगले. काका सायकल ढकलत गावाच्या तळाला गेले, नदीकाठच्या गिरणीच्या घराकडे. घर कसलं, कमरेएवढा गाळ भरलेल्या चार भिंती आणि एक दगडी चौकट. चौकटीत उजव्या हाताला एक खिळा होता. काका त्या खिळ्याकडे बघत मटकन खाली बसले.

मी पाणी घेऊन धावले. त्यांचा हात बर्फ झाला होता.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘मी इथे पाव टाकायचो.’’

ते मला माहीत होतं. तरुणपणी काका पाववाले होते. सायकलच्या पुढे वेताची मोठी टोपली. आमच्याकडे पाववाला दार ठोठावत नाही. रात्री आपण रिकामी कापडी पिशवी दाराला अडकवायची, पहाटे तो तिच्यात पाव ठेवतो आणि पुढे जातो. पिशवी नसली तर घरात कोणी नाही असं समजायचं. अजूनही तसंच चालतं.

‘‘या घरात फेलिस्मिना मावशी राहायची. एकटी. कानाने ठार बहिरी, पायाने अधू. तोंडात दात नाही, पाव दुधात कुस्करून खायची. पण रोज रात्री पिशवी अडकवताना माझ्यासाठी तिच्यात एक सुकं अंजीर टाकायची. मागे झाड होतं तिचं. बावीस वर्षांचा होतो मी. या घरापर्यंत येईस्तोवर भूक लागलेली असायची, आणि ते तिला बरोबर कळायचं.’’

मग थांबून थांबून त्यांनी सगळं सांगितलं. गाव रिकामं करण्याच्या आदल्या शनिवारी पिशवीचा तळ फाटलेला दिसला. अंजीर खाली पायरीवर पडलं होतं. काकांनी पाव पायरीवर फडक्यात ठेवला आणि पिशवी आईकडून ठिगळ लावून आणू म्हणून घरी नेली. रविवारी पाव नसतो. सोमवारी माणसांना न्यायला ट्रक आले. साहेबाने विचारलं, कुठल्या घरात अजून माणूस आहे? सगळे म्हणाले, बेल्मिरोला विचारा, त्याला दार न् दार माहीत आहे. काका सायकलवरून गावभर फिरले आणि पाववाला बघतो तसं बघत गेले. पिशवी आहे, माणूस आहे. पिशवी नाही, घर रिकामं.

‘‘इथे आलो. खिळ्यावर पिशवी नव्हती. मी पाय खालीसुद्धा टेकवला नाही गं. वळलो आणि सांगितलं, गिरणीचं घर रिकामं.’’

त्या फेब्रुवारीत पावसाने कहर केला. दोन वर्षांत भरेल म्हणाले होते ते धरण तीन रात्रींत गावावर चढलं. आठवड्याने काकांच्या आईने शिवलेली पिशवी पुढे धरली आणि विचारलं, ही कुणाची रे?

मावशीचा मुलगा फ्रान्समध्ये होता. त्याला वाटलं आई वर वसवलेल्या नव्या गावात आहे. नव्या गावाला वाटलं मुलाने नेली. चार महिन्यांनी तो शोधत आला तेव्हा त्याने काकांनाच विचारलं, आणि काका पुन्हा म्हणाले, घर रिकामं होतं.

‘‘गेली असेल कुठेतरी,’’ मी म्हटलं. माझं मलाच ते पटलं नाही.

‘‘असेल. किंवा आत असेल. हे मला बावन्न वर्षं माहीत नाही.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्याकडून एक पाव घेऊन गेले. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी ती पिशवी त्यांनी इतकी वर्षं जपली होती. जाड सुती, तळाला निळं ठिगळ, तोंडाला नाडी. त्यांनी त्या खिळ्याला ती अडकवली, आत पाव ठेवला, नाडीला गाठ मारली आणि परत आले. मला वाटलं, बरं झालं, मनातलं निघून जाईल.

त्याच्या पुढच्या सकाळी पिशवी रिकामी होती.

‘‘कोल्हा,’’ मी म्हटलं.

‘‘कोल्हा गाठ सोडतो का, पोरी? आणि सोडलेली परत मारतो?’’

‘‘मग माझे पाहुणे. फुकटचं मिळालं की डोंगर खातील ते.’’

काका हसले, पण रोज जायला लागले. पाव न्यायचा, रिकामी पिशवी भरायची. तीन आठवडे. एकदा घरात कुणी पाहुणा नसताना मी मुद्दाम विचारलं. पिशवी रिकामीच होती, आणि गाठ मारलेली. त्या दिवसापासून मी कोल्ह्याचं नाव घेतलं नाही. मला भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मी भांडते. मी काकांशी रोज भांडायला लागले.

मग नोव्हेंबरात वरच्या अंगाला, स्पेनच्या बाजूला पाऊस लागला. पाणी चढायला लागलं. पहिल्या दिवशी गिरणीच्या पायरीला, दुसऱ्या दिवशी गुडघ्याला. काका पाव डोक्यावर धरून पाण्यातून जायचे. खाली गाळ, पाय रुततो. तिसऱ्या दिवशी परत आले ते कमरेपर्यंत चिखल, ओठ निळे, आणि एक बूट आतच राहिलेला.

‘‘बास झालं,’’ मी ओरडले. ‘‘उद्या पाणी छातीला येईल. मरायचंय का?’’

‘‘पिशवी आहे खिळ्यावर.’’

‘‘तुम्हीच अडकवलीत ती!’’

‘‘रिकामी कोण करतंय?’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘पिशवी नव्हती म्हणून मी तेव्हा निघून गेलो. आता पिशवी आहे, तर कसा जाऊ? पिशवी असेल तोवर पाव पोचवायचा. हेच तर माझं काम होतं.’’

त्यांना कुलूप लावून ठेवावं असंही मनात आलं. पण असा माणूस खिडकीतून जाईल. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि उजाडायच्या सुमारास मला उपाय सुचला. पिशवी असेल तोवर ते जाणार. मग पिशवीच नको.

त्यांच्या आधी मी गाडी घेऊन खाली पोचले. पाण्यावर दाट धुकं होतं. नवऱ्याचे मासेमारीचे, छातीपर्यंत चढणारे लांब बूट घालून उतरले, तरी थंडी हाडात शिरली. देवळाची भिंत धुक्यात गडप झाली होती, टाकीही. चौकट तेवढी उभी होती. बाहेर पाणी हलत होतं, चौकटीच्या आत मात्र हलत नव्हतं. मी आत पाहिलं नाही. मान खाली घालून हाताने खिळा चाचपला, ओली पिशवी ओढून काढली, अंगरख्याच्या आत कोंबली आणि वळले. काठाला लागेपर्यंत पाठीवर कुणाचीतरी नजर असल्यासारखं वाटत होतं. मी जोरजोरात माझ्याच नवऱ्याला शिव्या देत चालले, आवाज हवा म्हणून.

काका सायकलवरून आले तेव्हा मी गाडीपाशी उभी होते. धुकं विरळ झालं होतं, काठावरून चौकट दिसत होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघितलं. मग टोपी काढली.

‘‘पिशवी नाही,’’ ते म्हणाले.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘गेली मावशी. घर रिकामं आहे.’’

ते रडले, आणि रडता रडता हसायला लागले. टोपलीतला पाव त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, याचं आज सूप कर. माझ्याकडे बसून लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात पाव बुडवून त्यांनी दोन वाडगे खाल्ले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजेपर्यंत झोपले. त्यांच्या बायकोने सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा. आता ते पाहुण्यांना मठाच्या वाटेने नेतात, आणि चढणीवर संत्रं सोलताना शीळसुद्धा घालतात. खांबापाशी बाण पुन्हा डावीकडे आहे.

मला माझं फार कौतुक वाटलं होतं त्या दिवशी. एका माणसाचा जीव वाचवला, आणि मनही. काका जेवून घरी गेल्यावर मी अंगरखा वाळत घातला आणि पिशवी चुलीवर टांगायला घेतली. गाठ घट्ट होती. पाव भिजून लगदा झाला असेल म्हणून झाडायला सोडली.

पाव नव्हता. तळाशी, निळ्या ठिगळावर, एक सुकं अंजीर होतं. कोरडं.

मी परत गेले. तशीच, अनवाणी, गाडी काढून गेले. पाणी चौकटीवरून गेलं होतं. मी काठावर उभी राहून हाका मारल्या, आणि मग आठवलं की तिला ऐकू येत नाही.

काकांना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पिशवी माझ्या कपाटात आहे. काकांच्या हातून ते चुकून झालं होतं. मी मात्र ती पिशवी स्वतःच्या हाताने काढून आणली.