उभ्या गाडीचे इंधन

बॉनेट ऊबदार लागले, की गाडी नुकतीच कुठून तरी आली आहे, हे समजते. काल गॅरेजमध्ये आमचे शेजारी अण्णा एका थंड बॉनेटवरून हात फिरवत उभे होते. ती लाल स्पोर्ट्स कार त्यांच्या मुलाची, निखिलची. तो गेला, गाडी राहिली.

"अण्णा, हे इंजिन पेट्रोल नुसतं ढोसतं," मेकॅनिक म्हणाला. "लहान बसवू. मायलेज दुप्पट!"

इंजिन लहान, म्हणजे जोर कमी आणि इंधनही कमी, हे अण्णांनी शांतपणे समजून घेतले. मग विचारले, "आणि आवाज?"

"आवाज? गाडी दारात आली तरी कळणार नाही!"

अण्णांचा हात थांबला. "वळणावर हा आवाज आला, की निखिलची आई तवा ठेवायची. राहू दे हेच."

ते आत बसले, गाडी सुरू केली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. उभ्या गाडीचे मायलेज शून्य असते. तरी ती बंद करा, असे मेकॅनिक आणि मी, आम्हा दोघांपैकी कोणीही म्हणाले नाही. निघताना मी बॉनेटला हात लावला. ते ऊबदार झाले होते.