मैनाबाईचं कांजीवरम

ढाणकीच्या मैनाबाईला मूल झालं नाही. बारा वर्षं वाट पाहून, अठ्ठावन्न साली, तिच्या नवऱ्यानं, किसनरावानं, आर्णीकडची सतरा वर्षांची मानी नावाची दुसरी बायको करून आणली. दारात ओवाळणं व्हायच्या आधीच सासू मैनेला म्हणाली, "तुह्यं कांजीवरम काढ. नवी नेसंल. तुले आता कायले पाह्यजे?"

डाळिंबी रंगाचं, हिरव्या जरीकाठाचं ते नऊवार मैनेच्या बापानं हैदराबादेहून आणलं होतं. गावात तसं दुसरं नव्हतं. धुवट धोतराच्या फडक्यात ती ते गुंडाळून ठेवायची, दिवाळीनंतर सावलीत वारं द्यायची. बायका हसायच्या, "लेकरू नाही म्हणून लुगडं पोसते."

नेसवायलाही सासूनं तिलाच लावलं. जड रेशीम मानीच्या हातून निसटत होतं. मैनेनं गाठ मारली, निऱ्या चापून बसवल्या, काष्टा खोचला. मान खाली घालून मानी पुटपुटली, "बाई, मले मालूम नव्हतं तुमचं हाय म्हणून."

मैनेनं तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

तेव्हापासून नेसणं मानीचं आणि निगा मैनेची. डाग पडला की रिठ्याच्या पाण्यात तिनंच काढायचा, घडीही तिनंच घालायची. रेशमाची घडी दर खेपेला मोडून नव्या जागी घालावी लागते, नाहीतर ते त्याच रेघेवर चिरतं, हे त्या घरात एकट्या मैनेला ठाऊक. ती मुद्दाम जुन्याच रेघेवर घडी घालू लागली. वरून पाटा ठेवायची. चार वर्षं.

मग किसनरावाच्या चुलतभावाच्या, भगवानरावाच्या मुलीचं लग्न निघालं उमरखेडला. पंगतीत बसायला मानी वाकली आणि लुगडं कमरेपासून टर्रकन फाटलं. बाप्ये खदखदून हसले. किसनरावानं तिला तशीच ओढत बैलगाडीत घातली आणि घरी येऊन कासऱ्यानं बडवली, कानशिलात हाणल्या. सासू उंबऱ्यात उभी राहून म्हणत होती, "अजून दे."

मैना चुलीपाशी बसून होती. चार माणसांत नवऱ्याचं नाक कापलं जावं, एवढंच तिनं योजलं होतं. मानीच्या पाठीचा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता. एक शब्द बोलली असती तर कासरा मानीवरून उतरला असता, पण तो तिच्यावर चढला असता. ती लाकूड पुढे सारत राहिली.

मानीचा उजवा कान कायमचा गेला. मूल तिलाही झालं नाही. गावानं किसनरावाला काही म्हटलं नाही, दोघींना वांझ ठरवलं. जरीचे काठ सासूनं फाडून दारावर आलेल्या जरवाल्याला दिले; त्यानं ते अंगणातच जाळून चांदी काढली.

पुढं मैना रोज मानीच्या कानात कोमट तेल घालायची. एकदा मानीनं विचारलं, "बाई, तुम्ही येवढं जपलं, मंग ते फाटलं काहून?"

"जुनं झालतं."

मानीला ऐकू गेलं नाही. तिनं डावा कान पुढं केला. मैनेनं पुन्हा तेच सांगितलं.