बिनविरोध मंडळातले थळकर सर

थळकर सरांना "बरोबर आहे सर" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. हातातला चहाचा कप खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याकडे अशा नजरेनं बघायचे, की त्या बिचाऱ्यानं जणू त्यांच्या तोंडावर दार लावलंय. "पटलं हे उत्तर नव्हे," ते म्हणायचे. "पटलं म्हणजे तू ऐकत नव्हतास."

असा माणूस नेमका आखातात येऊन पडावा, हा दैवदुर्विलासच. इथे आम्ही सगळे "बरोबर आहे सर" या एकाच वाक्यावर जगतो. व्हिसा त्यावर, मुलांच्या शाळा त्यावर, दर उन्हाळ्याची भारतवारी त्यावर. मी एका विमा कंपनीत आहे. दिवसभर लोकांच्या दाव्यांतल्या त्रुटी काढून ते नामंजूर करते, म्हणजे नकार हाच माझा धंदा. पण तो कागदाला. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार द्यायची आमच्याकडे रीत आहे.

सर रायगडकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. इथल्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत त्यांनी बरीच वर्षं इतिहास शिकवला. जीव मात्र ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथांत अडकलेला, आणि तोही भक्तापेक्षा संशोधकाच्या वृत्तीनं. कुठलं वाक्य मुळातलं, कुठलं नंतर कुणी घुसडलं, मध्ययुगातल्या टीकाकारांनी त्यातून काय काढलं, याचा माग ते काढत बसायचे. त्यावर मराठीत एक पुस्तकही लिहीत होते. ते शेवटच्या प्रकरणाशी अडलं होतं, कारण रिबेकाबाई वारल्या होत्या.

रिबेकाबाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या ग्रंथांचा अभ्यास एकट्यानं करायचा नसतो, जोडीनं करायचा असतो. आणि जोडीदाराचं मुख्य काम म्हणजे समोरच्याला अडवणं. सरांचा जोडीदार घरातच होता. "तिला हिब्रू माझ्यापेक्षा कमी यायचं, पण संशय जास्त यायचा," सर सांगायचे. "मी मोठ्यानं अर्थ लावायचो आणि आतून, मासे तळता तळता, आवाज यायचा, 'खोटं!' मग मी भांडायला आत जायचो आणि मासे करपायचे. जेवढे मासे करपले ना, तेवढं माझं पुस्तक सुधारलं." हे सांगताना ते हसायचे आणि मग तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे.

आम्ही सगळे शारजात अल नहदाच्या एकाच टॉवरमध्ये राहायचो. वरच्या मजल्यावरचे देशमुख एका मालवाहतूक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना सरांची दया आली. "वहिनी, सर एकदम अकेले पड गये हैं. आपण संडेला स्टडी सर्कल सुरू करू. त्यांना ऑडियन्स मिळेल." सरांना ऑडियन्स नको होता, भांडखोर माणूस हवा होता, पण देशमुखांच्या उत्साहापुढे कुणाचं काही चालत नसे. मंडळाची स्थापना बिनविरोध झाली.

पहिल्या रविवारी सरांनी एका पानाची मोठी प्रत भिंतीवर लावली. मध्ये मूळ मजकूर आणि भोवती सगळीकडे बारीक अक्षरात टीका. "मध्ये ग्रंथ, आजूबाजूला भांडण," सर खुशीत म्हणाले. "हे आतल्या बाजूला आहेत ते मध्ययुगातले एक आजोबा. सरळ, साधा अर्थ सांगणारे. आणि बाहेरच्या बाजूला त्यांचेच नातू, आजोबांच्या चुका काढत बसलेत. एकाच पानावर! आणि दोघांनाही कुणी पुसलं नाही, बरं का. हरलेलं मतसुद्धा इथे जपून ठेवतात."

"ब्यूटिफुल!" देशमुख म्हणाले. "पण सर, अल्टिमेटली मेसेज काय?"

"मेसेज? ग्रंथ आहे हो हा, तुमचं व्हॉट्सॲप नव्हे."

"अगदी बरोबर सर," सगळे म्हणाले. सरांनी कप खाली ठेवला.

ग्रंथातले थर कसे ओळखायचे, हे त्यांनी आम्हांला लिफ्टमधल्या नोटिशीवरून शिकवलं. पाणी बंद राहणार असल्याची ती नोटीस होती. "वरचा भाग बघा. 'पाणी भरून ठेवावे, तक्रार चालणार नाही.' हा मालकाचा आवाज, हुकमाचा. आणि शेवटी काय? 'आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहोत.' भाषा बदलली की लिहिणारा हात बदलला! दिलगिरी ही नंतरच्या संपादकाची भर." नोटीस इंग्रजीत होती, सर ती आमच्यासाठी मराठीतून वाचत होते. देशमुखांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

मग सरांनी ग्रंथातली एक गोष्ट सांगितली. एका गुरूचा अभ्यासातला जोडीदार वारला. लोकांनी त्याला दुसरा हुशार माणूस आणून दिला. पण गुरू काहीही म्हणाला, की हा त्याच्याच म्हणण्याला आधार शोधून द्यायचा. गुरू वैतागला. मी बरोबर आहे, हे मला कळत नाही का? माझा जोडीदार हरकतींवर हरकती घ्यायचा, म्हणून तर विषय वाढायचा! आणि तो गुरू कपडे फाडून रडत, मेलेल्या जोडीदाराला हाका मारत फिरत राहिला.

गोष्ट संपवून सरांनी आमच्याकडे बघितलं. किती आशेनं बघितलं, ते मला आजही आठवतं.

"सो ट्रू, सर," देशमुख म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी त्यावर स्लाइड करून आणली. 'टेकअवे: विरोधी मताचा आदर करा.' ती सर्वानुमते मंजूर झाली.

पुढे ठाण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं सरांना कायमचं बोलावून घेतलं. निरोपाचा कार्यक्रम आमच्या घरी झाला. शाल, श्रीफळ आणि काचेचा छोटा बुर्ज, म्हणजे इथल्या त्या सर्वांत उंच इमारतीची प्रतिकृती. सत्कार उरकल्यावर सर म्हणाले, "आता माझं अडलेलं प्रकरण ऐका. त्या गुरू-जोडीदाराच्या गोष्टीतलं शेवटचं रडणं मुळातलं नाही, असं माझं मत आहे. तोवर भाषा तोलून-मापून आहे, एकदम सैल होते, पुनरुक्ती येते. म्हणजे हात दुसरा. हरकत आहे कुणाची?"

"नो ऑब्जेक्शन, सर!" देशमुखांनी आमच्या सर्वांच्या वतीनं सांगितलं.

मी बशा उचलत होते. सरांना घातलेली ती शाल, तो बुर्ज आणि तो पडलेला चेहरा बघून मला कसंतरीच झालं. "खोटं!" मी म्हणाले.

माझा नवरा अजित माझ्याकडे असा बघायला लागला, जणू आता आमचा व्हिसाच रद्द होणार.

"भाषा बदलली म्हणजे हात बदलला, असं कशावरून, सर? माणूस रडायला लागला की त्याची भाषा बदलतेच. तेच तेच बोलतो तो. तुम्ही रिबेकाबाईंबद्दल बोलता तेव्हा तोलून-मापून बोलता का?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र लहान मुलासारखा फुलला होता. "चूक आहेस तू, माधवी," ते म्हणाले. "साफ चूक! बैस इथे. बैस आधी." विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही भांडलो. टॅक्सीची काच खाली करून ते ओरडले, "तरीही चूक!"

ठाण्याहून त्यांचा फोन यायचा तो "बोल, आज माझं काय चुकलं?" असाच. प्रकरण पूर्ण झालं. मत त्यांनी बदललं नाही, पण तळटीपेत माझी हरकत नावानिशी घातली, पुसली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले.

शोकसभाही आमच्याच घरी. देशमुखांनी ठराव वाचला. "सरांचा प्रत्येक विचार आम्हांला पूर्णपणे मान्य होता..."

"माझी हरकत आहे," मी म्हणाले. "ते वाक्य काढा."

"वहिनी, प्लीज, शोकसभा आहे ही."

"नको, राहू दे ते वाक्य," अजित चाचरत मला म्हणाला. जन्मात तो कुणाच्या मध्ये बोलला नव्हता. "ठरावात असंच लिहितात. पण... खरं नाही ते."

"खरं नाही?" देशमुखांचा चेहरा लाल झाला. "अरे, मलाच कुठे सगळं मान्य होतं? ती लिफ्टमधली नोटीस! दोन हात, दोन हात करत होते. ती मी लिहून दिली होती वॉचमनला. होल नोटीस, हुकमापासून दिलगिरीपर्यंत, अकेले मैंने!"

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"सर होते ना समोर," देशमुख एकदम हळू आवाजात म्हणाले. "कसं बोलणार?"

मला रडू आवरेना. हरकतीच्या अशा एका वाक्यासाठी सरांनी कितीतरी रविवार घालवले होते. अख्खं प्रकरण त्यांनी आनंदानं पुन्हा लिहिलं असतं. तेवढ्यात अजित म्हणाला, की एका नोटिशीवरून काही सिद्ध होत नाही, देशमुखांनीही दिलगिरी नंतर सुचून घातली असेल. देशमुख उसळले. मग बाकीचेही भांडणात उतरले. आत गॅसवर चहा करपल्याचा वास येत होता, पण उठून जायला कुणीच तयार नव्हतं.