दुपारचे पाणी

नमन त्या पाण्याला, जे कोणाचेही ऐकत नाही. नमन त्या शिखरांना, जी त्याला रात्रभर धरून ठेवतात आणि उन्हाने हाक मारली की सोडून देतात. आणि तिसरे नमन आमच्या वानला गावच्या स्तोबदानला, ज्याला उभ्या जन्मात कोणाला ‘पुरे’ म्हणता आले नाही.

स्तोबदान रस्त्याच्या कामावरचा माणूस. सिंगे ला ही आमच्याकडची उंच खिंड. तिच्यावरचा रस्ता ज्या हातांनी फोडला, त्यांत त्याचेही हात होते. आता तो तिथेच दरडी उपसण्याचे यंत्र चालवतो. डोंगर हटवणारा हा गडी माणसापुढे मात्र लोणी. कोणी गाढव मागावे, याने द्यावे. कोणी आपली पाण्याची पाळी मागावी, याने सोडावी. आमच्या घरांत पाहुण्याचा पेला घोटभर रिता झाला की घरची माणसे भरतात; नको असेल तर पाहुण्याने पेल्यावर तळवा ठेवायचा. पोरेटोरेही ठेवतात. स्तोबदानला ते जमत नाही. समोरच्याचे तोंड उतरेल, एवढीच त्याची भीती.

“देवानं याला तळहात दिलेत ते फक्त पुढे करायला,” असे त्याची बायको डिस्केत म्हणते, आणि मग त्याच तळहातावर भाजलेल्या सातूचा गोळा ठेवते.

डिस्केतची थोरली बहीण कुन्झेस ही चोमो, म्हणजे संन्यासिनी. आई लवकर गेली. धाकटीला पाठीवर बांधून हिंडवली ती याच थोरलीने. तिचा मठ सिंगे लाच्या पलीकडे, लुंगमरला. यंदा तिने मोठी एकांतसाधना मागितली होती. मठावरच्या कड्याशी एक खोली. आत शिरायचे, आणि बाहेरून दार मातीने लिंपून घ्यायचे. अन्नापुरती खिडकी. तीन वर्षे कोणाचे तोंड पाहायचे नाही. ज्योतिष्याने दिवस काढून दिला होता, आणि ऊन कड्यावरून सरकण्याआधी दार लिंपले गेले पाहिजे, असा मुहूर्त होता. त्याआधी डिस्केतला आपल्या आचेला, थोरल्या बहिणीला, एकदा डोळे भरून पाहायचे होते. बाकी काही नाही. एवढेच.

हिवाळाभर चुलीपाशी नवराबायकोचा बेत चालला. मोटारसायकल उघडून, पुसून, पुन्हा जोडून झाली. दोन दिवस आधी निघायचे ठरले. लुंगमरच्या अलीकडे एक ओढा आडवा येतो. सकाळी त्याचे पाणी घोट्याला लागते. ऊन तापले की वरचे बर्फ पाझरते आणि दुपारी तोच ओढा घोडा वाहून नेतो. म्हणून तो दुपारच्या आत ओलांडायचा. अडचण एकच, वाटेत फोटोकसर गाव, आणि फोटोकसरात डिस्केतचे आजांग, म्हणजे मामा, मोरुप.

“आजांगच्या दारात गाडी थांबली की आपला दिवस तिथंच मावळतो,” डिस्केत म्हणाली.

“मग थांबायचंच नाही.”

“तू? आणि न थांबणार?”

“वरून उतार आहे. इंजिन बंद करीन. गाव झोपल्यासारखं पार करू.”

नारायणा, माणूस बेत करतो तेव्हा किती सुंदर दिसतो! पण दरड कोसळली. ते दोन्ही दिवस स्तोबदाननेच यंत्रावर बसून रस्ता मोकळा करण्यात घालवले, आणि मुहूर्ताच्याच दिवशी तांबडे फुटताना ते निघाले.

काय ती सकाळ! वानलातले शेवटचे घर मागे पडेपर्यंत डिस्केत मागे ताठ बसली होती. वळण आले, आणि तिने नवऱ्याच्या कमरेला घट्ट मिठी घातली. डोंगर जांभळे झाले, मग तांबूस, मग जव पिकल्यासारखे सोनेरी. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणले. वाटेतल्या पहिल्या खिंडीच्या, सिरसिर लाच्या माथ्यावर दोघांनी “ल्हा ग्यालो!” म्हणून देवांचा जयजयकार केला.

“अजून वेगात घे की,” डिस्केत कानाशी ओरडली. “म्हातारा झालास का?”

तो हसला आणि त्याने गाडी भरधाव सोडली. संसाराची ओझी खिंडीच्या खाली राहिली होती. जे सुख साधू मागतात, ते त्या दोघांना त्या उतारावर फुकट मिळाले होते.

फोटोकसर दिसताच त्याने इंजिन बंद केले. चाके निःशब्द घरंगळू लागली. पहिले घर गेले, दुसरे गेले. वळणावर, भर रस्त्यात, आजांग मोरुप काठी टेकून उभे. शेजारी मामी, हातात चहाची किटली.

“चोरांनो!” आजांग म्हणाले. “कुन्झेसचा दिवस आज आहे हे मला ठाऊक नाही? मी कुत्र्याच्याही आधी उठून उभा आहे.”

“आजांग, ओढा—”

“ओढा मला शिकवतोस? एक पेला घे. उभ्यानं घे.”

उभ्याने घेतलेला पेला बसून भरला गेला. मामींनी पेल्याच्या काठावर मानाचे लोण्याचे बोट लावले. मग आजांग हळूच म्हणाले, “मला आता खिंड चढवत नाही. ती बाहेर येईल तेव्हा मी असेन की नाही, कोणास ठाऊक. तिच्या दिव्यासाठी लोणी द्यायचंय. ताजं. घुसळणं चालूच आहे.”

आता सांगा, कोणी उठावे? डिस्केतने सूर्याकडे पाहिले, आजांगांच्या थरथरत्या हनुवटीकडे पाहिले, आणि स्वतःचाच पेला पुढे केला. लोणी काही येईना. ते लोण्याच्या चालीनेच येणार. आले तेव्हा अंगणातली सावली पायाशी गोळा झाली होती.

मग स्तोबदानने गाडी अशी हाणली की सिंगे लाच्या माथ्यावर जयजयकारालाही ते थांबले नाहीत. पलीकडच्या शेवटच्या वळणावर मात्र पाणी दिसायच्या आधी ऐकू आले.

ओढा तपकिरी झाला होता. तळाशी धोंडे एकमेकांवर आपटत होते. पायाखालची जमीन त्याने हलत होती. आणि पलीकडे, अगदी समोर, उतारावर मठ, त्याच्या वर कडा, कड्याशी ती खोली. तिच्यापाशी लाल वस्त्रांचे काही ठिपके. एवढे जवळ! आणि मध्ये हे.

स्तोबदानने जोडे काढले.

“कुठं?” डिस्केतने बाही धरली.

“पाहतो किती खोल आहे ते.”

“आचे आज भिंतीआड चाललीय. तूही आजच जा. मग मी दोघांच्या नावानं रडते. बस खाली!”

तो बसला. पुन्हा उठला. हाका मारल्या, त्या ओठांवरच बुडाल्या. भोंगा दाबून धरला. पाण्याने तो गिळला. शेवटी त्याने गाडीचे तोंड कड्याकडे केले आणि दिवा लावत, विझवत राहिला. एवढ्या उन्हात दिव्याची ती काय ज्योत!

वरचे ठिपके हलले. एक ठिपका पुढे आला, त्यांच्याकडे वळला. थांबला. मग खाली वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. डिस्केतने ओल्या वाळूवर कपाळ टेकले. तिने मान वर केली तोवर तो ठिपका तिथे नव्हता. बाकीचे ठिपके दारापाशी वाकून काम करत होते. माती लावत होते. ऊन कड्यावरून सरकले.

“मी एकदा तळवा ठेवला असता,” स्तोबदान म्हणाला, “एकदाच, तर—”

“तर आजांगचं तोंड मला जन्मभर दिसत राहिलं असतं. मीही प्यायलेच ना? गप्प बस.”

देवा, शिक्षा कोणाला करशील? म्हाताऱ्याच्या मायेला? उन्हाला? पाण्याला? इथे कोणीच चुकले नव्हते, आणि तरी जे व्हायला नको होते ते सगळे झाले होते.

रात्र त्यांनी काठावरच काढली. पहाटे ओढा मेंढीसारखा निमूट पडला होता. गाडी ढकलत त्यांनी तो पायीच ओलांडला. एकांताला आवाज नको, म्हणून पुढच्या चढावरही स्तोबदानने ती सुरू न करता हातानेच नेली. खोलीपाशी राखणीची म्हातारी चोमो जपमाळ ओढत होती. तिने खुणेनेच बसायला सांगितले आणि लोणी ठेवून घेतले.

“तिनं पाहिलं आम्हाला?” डिस्केतने कुजबुजत विचारले.

“नाही गं. डोळे अधू झालेत तिचे. आम्हीच सांगितलं, खाली दिवा लावतायत म्हणून. तर म्हणाली, मला कुठं काय दिसतंय? बाजू तेवढी सांगा. मग मी तिचे खांदे धरले आणि तिला तुमच्याकडे वळवलं.”

डिस्केतचा हात आपोआप दाराच्या लिंपणाकडे गेला.

“लावू नकोस हं,” म्हातारी म्हणाली. “माती ओली आहे अजून.”

तिने हात मागे घेतला. आतून जपाचा स्वर येत होता, संथ, एकसारखा. मध्येच तो खरखरला, थांबला, एक खोकला आला, आणि पुन्हा सुरू झाला.

“सर्दी झालीय तिला,” डिस्केत म्हणाली, नवऱ्याकडे पाहत, जणू त्याने काहीतरी करावे.